वाटून वाचलेली चंद्रा

"सोमवारी पोती येणार म्हणजे येणार!" हैबतराव म्हणाले आणि वाचनालयाची खोली पावलांनी मोजायला लागले.

भरे गावचे वाचनालय म्हणजे भैरवनाथाच्या देवळाला टेकलेली एक खोली, एक कपाट, एक सतरंजी आणि हौसा. यातली हौसा सगळ्यात महत्त्वाची. शाळा सुटली की ही सातवीतली मुलगी धावत यायची, कुलूप काढायची, झाडून घ्यायची, पुस्तकांवरची धूळ पदराने पुसायची आणि मग वाचक कोणीच येत नाही म्हणून स्वतःच वाचक होऊन बसायची. मार्चात तिची परीक्षा. पुढची शाळा पौडाला, आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे कुशाबांनी, "पोरीच्या जातीनं एवढं लांब जायाचं न्हाई," असे आधीच सांगून ठेवलेले. म्हणजे परीक्षेनंतर हौसाची शाळा हीच खोली आणि मास्तर म्हणजे ते कपाट. आणि आता त्या मास्तरांच्या डोक्यावर सोसायटीची खताची पोती रचायची होती!

हैबतराव गावचे सरपंच होते आणि सोसायटीचे चेअरमनही होते. त्यामुळे सोसायटीने खोली मागितली आणि पंचायतीने ती दिली, हा सगळा व्यवहार त्यांनी एकट्यानेच, आधी या बाजूने आणि मग त्या बाजूने मान डोलावून उरकला होता.

"तात्या, मग पुस्तकं कुटं ठिवू?" हौसाने विचारले.

"माळ्यावर."

"माळ्यावर उंदरं हायेत."

"मग उंदरं तरी वाचतील. गावात दुसरं कोन वाचतंय?"

तात्यांचे म्हणणे खरेच होते. पण हौसा अशी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. ती म्हणाली, "येत्या रविवारी त्र्यंबकराव सावळजकर येनार हायेत, ठावं हाय ना? केवढे मोठे कादंबरीकार! घोटावड्याला त्यांचं भाषण हाय, आन् वाटेत आपल्या वाचकांना भेटायचंय म्हनून शाळेतल्या मास्तरांना सांगावा आलाय. त्यांना काय रिकामं कपाट दाखवू?"

हैबतराव मोजता मोजता थांबले. पाहुणा मोठा होता. गावाची अब्रू होती. पण आपला शब्द मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"बरं," ते म्हणाले. "रविवारी येऊ दे त्याला. 'सरपंच, तुमच्या गावानं माझं पुस्तक वाचलंय' असं त्या पाव्हण्यानं सोताच्या तोंडानं म्हनायला पायजे. म्हनला, तर खोली तुझी. न्हाई म्हनला, तर सोमवारी पोती."

"सगळ्या गावानं?"

"मग काय तुझ्या येकटीनं?" असे म्हणून हैबतरावांनी राहिलेली पावले मोजली आणि ते निघून गेले.

हौसाने कपाट उघडले. सावळजकरांचे एकच पुस्तक होते. 'दोन काठांची चंद्रा.' चांगली विटेएवढी जाड कादंबरी! रविवारपर्यंत ती एकट्या हौसाने वाचून संपवली असती, पण गावाने? गावातल्या निम्म्या लोकांनी शाळा सोडल्यापासून एस. टी.च्या पाटीशिवाय काही वाचलेले नव्हते. त्यात ते पुस्तक हातात घेतले तर आणखीच निराळी गोष्ट. पावसाळ्यात कपाटाची मागची फळी गळायची, आणि चंद्रा नेमकी त्या फळीला टेकून उभी होती. शिवण कुजून गेली होती. हौसाने पुठ्ठा उघडला मात्र, एकेक प्रकरण शेंगेतल्या दाण्यासारखे टपाटपा सतरंजीवर पडले.

हौसा मटकन खाली बसली. तेवढ्यात कोंडिबा देवळातून बाहेर आले. कोंडिबा म्हणजे गावचे पोथी वाचणारे आजोबा. श्रावणात देवळात पोथी लागली की त्यांच्या आवाजाने गुरेसुद्धा रवंथ थांबवतात, अशी त्यांची ख्याती होती.

"काय गं पोरी, दिवाळं निघाल्यावानी का बसलीस?"

हौसाने सगळे सांगितले. कोंडिबांनी पानांकडे पाहिले आणि ते चक्क हसले.

"ह्यात रडायचं काय? पानं सुटी हायेत तेच बरं. पोथीची नसत्यात व्हय? आगं, श्रावणात लावणी लांबली, वाचायला येळ नसला, की आपन काय करतो? अध्याय वाटून घेतो. येक ह्यानं, येक त्यानं. सगळे येकदम वाचाय बसत्यात आन् पोथी तासात पुरी."

"आन् पुण्य?" हौसाने विचारले. "पुण्य बी वाटून?"

"छ्या! पुण्य ज्याला त्याला पुरं. देव काय तराजू घेऊन बसलाय व्हय?"

हौसा टुणकन उडी मारून उभी राहिली. एक अध्याय वाचून अख्ख्या पोथीचे पुण्य मिळते, तर एक प्रकरण वाचून अख्खी कादंबरी वाचल्याचे श्रेय का मिळू नये? तुम्हीच सांगा, यात चूक कुठे आहे? तिलाही सापडली नाही. तिने प्रकरणे ओच्यात भरली आणि ती घरोघर निघाली.

पहिले प्रकरण कोंडिबांनीच घेतले, मान म्हणून. दुसरे लीलाबाईंना दिले. लीलाबाईंना तीन सुना होत्या आणि त्या तिघींपैकी एकीलाही त्या कधी 'बरी आहे' म्हणाल्या नव्हत्या. एक प्रकरण भिकू न्हाव्याला. एक भैरू पैलवानाला, तो म्हणाला, "वाचतो, पर मला हिशेबाचं नगं." मधली काही अशीच इकडेतिकडे गेली. एक तानुबाईला. तानुबाई वरच्या ठाकरवाडीतली म्हातारी, हिरडा आणि लाकडे घेऊन खाली यायची. तिला वाचता येत नव्हते, म्हणून हौसाने तिच्याबरोबर विहिरीच्या काठावर बसून ते वाचून दाखवले. तानुबाई ऐकता ऐकता इतकी रडली, की पाणी भरायला आलेल्या बायकांना वाटले वाडीत कोणी गेले. वाचून झाल्यावर तिने ती पाने परत दिलीच नाहीत. "माज्याकडं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्या पोरीला येकटी सोडू नगं."

उरली शेवटची दोन प्रकरणे. ती हौसाने मुद्दाम सारजाबाईंना दिली. सारजाबाई म्हणजे हैबतरावांच्या बायको. महाळुंग्याला माहेरी असताना चौथी शिकलेल्या, आणि अजून किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणाऱ्या.

"तात्यांना चालंल का?" हौसाने भीत भीत विचारले.

"त्यांला काय करायचंय? मी वाचनार हाय, ते न्हाई," सारजाबाई म्हणाल्या.

पण तसे झाले नाही. त्या दिवशी दुपारी हैबतराव सोप्यात तोंडावर उपरणे घेऊन पडले होते, आणि सारजाबाई खांबाला टेकून मोठ्याने वाचत होत्या. मनातल्या मनात वाचणे त्यांना जमतच नसे असे नाही, पण मोठ्याने वाचले की काम केल्यासारखे वाटते. नदीला पूर आलेला. चंद्राला पलीकडच्या काठावर जायचे. बरोबर एकच सोबती, पाखऱ्या बैल. हैबतराव घोरत होते. सारजाबाई पाणी प्यायला थांबल्या की घोरणेही थांबायचे. वाचन सुरू झाले की घोरणे सुरू. चंद्राने पाखऱ्याच्या गळ्यातला दोर हाताला गुंडाळला. पाणी छातीला लागले. पाखऱ्याचा पाय दगडावरून घसरला. 'आणि चंद्राच्या हातून दोर सुटला.' प्रकरण संपले.

"पुढं?" उपरण्याखालून आवाज आला.

"काय पुढं?"

"काय न्हाई. पुढलं दार लावलंय का, म्हनलं. कुत्रं येतंय."

सारजाबाईंनी शेवटचे प्रकरण हातात घेतले आणि ते मात्र मनातल्या मनात वाचले. हैबतराव उपरण्याच्या विणीतून बघत होते. वाचता वाचता सारजाबाईंनी डोळे पुसले. आता झाले! पण दोन पाने गेल्यावर त्या हसल्या. मग परत डोळे पुसले. मग पाने दुमडून कमरेला खोचली आणि तांदूळ निवडायला गेल्या. या सगळ्याचा बैलाच्या दृष्टीने काय अर्थ लावायचा? हैबतरावांनी दुसऱ्या दिवशी तंबाखूची चंची हरवली असे सांगून कणगी धुंडाळली, जात्याखाली पाहिले, देवघरातसुद्धा डोकावले. विचारायची सोय नव्हती. ज्याला पुस्तके माळ्यावर टाकायची आहेत, त्याने पुस्तकातल्या बैलाची चौकशी कशी करायची?

इकडे गावात दुसरेच सुरू झाले होते. ज्याने त्याने आपापले प्रकरण वाचले आणि ज्याला त्याला त्र्यंबकराव सावळजकर हा माणूस पक्का कळला. पारावर, विहिरीवर, गिरणीत जिथे तिथे तोच विषय. लीलाबाई म्हणत, काय सोन्यासारखं लिहितो! तानुबाई म्हणे, त्या मेल्याच्या हातांना काटे टोचोत! हे हौसाच्या कानावर आले. शनिवारी ती घरोघर बजावून आली.

"पाव्हण्यांनी काय बी विचारलं तर 'लई झ्याक' म्हनायचं. दुसरा येक शब्द न्हाई. आपल्या परकरणातलं कायबी बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलत," सगळ्यांनी सांगितले. सगळ्यांनी इतक्या लगेच सांगितले, तिथेच तिला शंका यायला हवी होती.

रविवारी दुपारच्या एस. टी.तून त्र्यंबकराव उतरले. बारीक अंगाचे, चष्मा लावलेले, धुळीने भुवया पांढऱ्या झालेले गृहस्थ. हैबतराव फेटा बांधून सामोरे गेले. पोहे झाले, चहा झाला, आणि सगळे वाचनालयाच्या खोलीत आणि खोलीबाहेरच्या अंगणात दाटीवाटीने बसले. एवढी माणसे पाहून त्र्यंबकरावांचा चेहरा फुलला.

"माझी 'चंद्रा' आपण वाचलीत असं ऐकलं."

"व्हय!" सगळे एका सुरात ओरडले.

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी मिळून," कोंडिबा म्हणाले. हौसाला जोराचा खोकला आला.

"आनंद आहे! मग कशी वाटली?"

"लई झ्याक!" हेही एका सुरात. हौसाने श्वास सोडला. आता पाहुण्यांनी 'आभारी आहे' म्हणावे, नारळ घ्यावा आणि पुढच्या गाडीने जावे. पण त्र्यंबकरावांनी नेमके ते वाक्य उच्चारले, जे प्रत्येक लेखक उच्चारतो आणि ज्याचा अर्थ एकाच्याही मनात तसा नसतो.

"नाही, नाही. नुसती स्तुती नको. मोकळेपणाने सांगा. काय आवडलं नाही, तेही सांगा."

कोंडिबांनी घसा खाकरला.

"आता तुमी येवढं म्हनताय म्हनून सांगतो. मानसं कमी पडली, सायेब."

"कमी पडली? अहो, चाळीसएक पात्रं आहेत!"

"चाळीस? मला येक गावलं न्हाई. नदी, नदीचं पानी, नदीचं धुकं, नदीतली गवतं... येक बगळा आला, वाटलं आता काय तरी हुईल, तर त्यो बी उडून गेला."

"पर सासू काय रंगवलीय!" लीलाबाईंना आता धीर धरवेना. "अशी माऊली म्या जलमात बघितली न्हाई. सुनंला सोताच्या हातातल्या पाटल्या काढून देती. माज्या सुनांना म्या रोज वाचून दाखवलं, म्हनलं बघा, सासू कशी आसती!"

"माऊली?" अंगणातून तानुबाई कडाडली. "त्या भवानीला माऊली म्हनतीस? पोरीला भर पावसात भाईर काढली, चुलीवरली भाकर हिसकून घेतली! आन् हे लिवणारं हितं बसून पोहे खातंय!"

"ती न्हवंच! ती देवमानूस हाय!"

"तुला काय ठावं? तुजी सासू तशी व्हती का?"

"माजी सासू काढू नगंस!"

"बायांनो, शांत व्हा," भिकू न्हावी मध्ये पडला. "सासूचं सोडा. माझं दुःख निराळं हाय. इस्वनाथ मेला, त्याचा दहावा घातला, सगळं तपशिलानं लिवलंय. पर दहाव्याला न्हावी कुठाय? सायेब, न्हाव्याबिगार दहावा व्हतो का? अख्ख्या गावच्या न्हाव्यांचा ह्यो अपमान हाय."

"कोन मेला?" भैरू पैलवान उठून उभा राहिला.

"इस्वनाथ."

"शुद्धीवर हायेस का? इस्वनाथ मेला, तर माझ्या हितं जिलब्या कुनी खाल्ल्या?"

"कसल्या जिलब्या?"

"पंगत बसलीय! इस्वनाथ मधोमध बसलाय! ताटभर जिलब्या, वर मठ्ठा. ह्या लेखकाइतकं झ्याक जेवन कुनी लिवलंच न्हाई. दोनदा वाचून दोनदा जेवलो मी!"

"ते त्याचं भूत असंल."

"भूत मठ्ठा मागून घेतंय व्हय?" भैरूने मांडीवर थाप मारली. "म्हन, जित्ता हाय म्हन!"

"मी दहावा वाचलाय त्याचा! वाचून आंघूळ केलीय!" भिकूही हटेना.

हौसा भिंतीला टेकून उभी होती. तिला भिंतीत शिरता आले असते, तर ती शिरली असती. आणि त्र्यंबकराव? त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. आपण कोणती कादंबरी लिहिली हे त्यांना स्वतःलाच आठवेनासे झाले असावे.

"थांबा, थांबा," ते म्हणाले. "विश्वनाथ बेपत्ता होतो, लोकांना तो मेला असं वाटतं, पुढे तो परत येतो. आणि सासू आधी मायाळू असते, मग मुलगा गेला असं समजून सुनेवर उलटते. हे... हे कळलं नाही का तुम्हांला? मी नीट लिहिलं नाही की काय? ती प्रत आणा पाहू जरा. तोच भाग वाचून दाखवतो."

हौसा जागची हलली नाही.

"बाळ, ती प्रत."

काय करणार? हौसाने कपाट उघडले आणि पुस्तक काढून पाहुण्यांच्या हातात दिले. वर नाव होते, खाली नाव होते, आणि मधे काही म्हणजे काही नव्हते. त्र्यंबकरावांनी पुठ्ठा उघडला, मिटला, उलटा करून झटकला.

"आतलं पुस्तक कुठे आहे?"

"गावात," हौसा म्हणाली.

आणि मग तिने सगळे सांगून टाकले. गळकी फळी, सुटलेली शिवण, वाटलेली प्रकरणे, पोथीचे पुण्य, तात्यांची अट, सोमवारची पोती. सांगताना तिचा आवाज आधी बारीक होता, मग मोठा झाला. शेवटी तर ती म्हणाली, "आमी लबाडी न्हाई केली, सायेब. आमी वाचलं. फकस्त येका मानसानं सगळं न्हाई वाचलं, सगळ्यांनी येक येक वाचलं."

कोंडिबांनी लाल फडके उलगडले. आत पहिले प्रकरण होते, त्याला हळदकुंकू लावलेले. ते त्यांनी त्या पुठ्ठ्यावर ठेवले. लीलाबाईंनी पदराची गाठ सोडली. भिकूने धोपटीतून आपली पाने काढली. त्यांना साबणाचा वास होता. भैरूच्या पानांना तालमीतले तेल लागले होते आणि दोन ठिकाणी बहुधा मठ्ठाही. तानुबाईने सागाच्या पानात बांधून आणलेली पुडी पुढे केली आणि "हे घ्या तुमचं. पर त्या पोरीला सुखात ठिवा," असा दम भरला. चंद्रा हळूहळू जाड व्हायला लागली.

त्र्यंबकरावांनी ते हळदकुंकू पाहिले. त्यांनी पाणी मागितले.

हैबतरावांना आता राहवेना. ते उभे राहिले. "पाव्हणं, येक सांगा. आमच्या गावानं तुमचं पुस्तक वाचलंय का न्हाई? समद्यांसमोर सांगा."

त्र्यंबकरावांनी विचार केला. खोटे बोलणे त्यांना जमेना, आणि हौसाच्या चेहऱ्याकडे बघून खरे बोलणेही जमेना.

"सरपंच, गावाने वाचलंय," ते म्हणाले. "पण गावात कोणी वाचलेलं नाही."

"म्हंजी व्हय का न्हाई?"

"दोन्ही. पण एक सांगतो. पुण्यात माझ्या पुस्तकावर एवढी भांडणं झाली, ती सगळी एकही प्रकरण न वाचता झाली. इथे प्रत्येकाने निदान एक तरी वाचलंय."

"ते पुन्याचं पुन्यात. हितं दोन्ही चालायचं न्हाई," हैबतराव म्हणाले. "ठराव येक तर पास, न्हाई तर नापास. पाव्हण्यानं 'वाचलंय' म्हनलं, आन् 'न्हाई वाचलं' बी म्हनलं. म्हंजी फिटंफाट. फिटंफाट झाली की चेअरमनचं मत धरायचं." चेअरमन कोण, हे तुम्हांला ठाऊक आहेच. "तवा सोमवारी..."

हौसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. तिने ते दिसू नये म्हणून मान खाली घातली आणि प्रकरणे लावायला घेतली. पहिले, दुसरे, तिसरे. शेवटाआधीचे सारजाबाईंनी मघाशीच दिले होते. शेवटचे तेवढे राहिले.

"काकी, शेवटचं द्या," ती सारजाबाईंना हळूच म्हणाली. "सगळंच माळ्यावर ठिवायचंय तर पुरं तरी ठिवू."

सारजाबाईंनी कमरेची पाने काढली. ती हौसाला दिली नाहीत. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "माळ्यावर? बरं तर. म्हंजी पाखऱ्या बी माळ्यावर."

हैबतरावांचे वाक्य अर्ध्यातच राहिले.

"पाखऱ्याचं काय?" त्यांच्या तोंडून निघून गेले.

"कोन पाखऱ्या?" सारजाबाई म्हणाल्या. "तुमी तर घोरत व्हता."

गाव हैबतरावांकडे बघायला लागले. हैबतराव लाल झाले, आणि मग आठवडाभर कोंडलेले सगळे एकदम बाहेर आले.

"आरं, चांगला बैल! खिलारी! आन् ह्यो मानूस त्याला भर पुरात घालतो आन् दोर सोडून परकरण संपवतो! पाव्हणं, तुमी जलमात बैल पाळलाय का? पुरात बैलाला दोर धरून नेतंय का कुनी? शेपूट धरायचं, शेपूट! बैल आपल्याला पल्याड नेतोय, आपन बैलाला न्हाई! ह्या आठवड्यात मला भाकर गोड लागली न्हाई!"

त्र्यंबकराव एवढे खूश झाले, की ते उठून उभेच राहिले. "सरपंच, काळजी करू नका. पाखऱ्या शेवटी..."

"तुमी गप ऱ्हावा, पाव्हणं!" सारजाबाईंनी हात वर केला. "लिवायचं काम तुमचं व्हतं, ते तुमी केलं. आता आमचं आमाला बघू द्या."

त्र्यंबकराव निमूट खाली बसले.

"अगं, सांग की," हैबतराव म्हणाले. सरपंचाचा आवाज पहिल्यांदाच एवढा मऊ ऐकून बाहेरची पोरेसुद्धा दारातून डोकवायला लागली.

"मी न्हाई सांगायची. वाचा की. तुमाला काय वाचता येत न्हाई? पर वाचनालयाचं पुस्तक वाचनालयात बसून वाचायचं आसतंय. हाय का गावाला वाचनालय?"

"हाय," हैबतराव म्हणाले.

"सोमवारी बी आसंल?"

"आसंल."

"आन् पोती?"

हैबतरावांनी फेटा सावरला. "पोती आपल्या सोप्यात ठिवू."

"माज्या सोप्यात?" हे मात्र सारजाबाईंनी धरले नव्हते. त्यांनी क्षणभर विचार केला. "चालंल. तुमी दुपारचं जिथं पडता ना, तिथं ठिवा. तुमी तर आता दुपारचं हितं आसनार."

खोलीत असा काही हशा उसळला, की देवळातली घंटा कोणी न वाजवता हलली असे भिकू अजून सांगतो. हौसा रडत होती की हसत होती ते तिचे तिलाच कळेना. तोवर भैरूने दहाव्याचे प्रकरण ओढून घेतले होते आणि भिकूने जिलबीचे. लीलाबाई आणि तानुबाई एकाच पुडीवर वाकल्या होत्या, लीलाबाई वाचत होत्या, तानुबाई "बघ! बघ!" म्हणत होती, आणि थोड्या वेळाने लीलाबाईंच्या तोंडून "काय बाई ही सटवी!" असा उद्गार निघाला. कोणाचा नंबर लावायचा, कोणी आधी घ्यायचे, यावरून नवी भांडणे सुरू झाली. हौसा सतरंजीच्या मधोमध उभी राहून ओरडत होती, "येकाला येकच! पानाला थुकी लावायची न्हाई! भैरूदादा, हात पुसा आधी!"

एवढ्यात एस. टी.चा हॉर्न वाजला. त्र्यंबकराव नारळ सावरत निघाले आणि अर्धे गाव त्यांना पोचवायला फाट्यापर्यंत गेले. हैबतराव सारजाबाईंनी दिलेले शेवटचे प्रकरण हातात घट्ट धरून पुढे चालत होते. पाहुण्याला निरोप द्यायचा आणि लगेच वाचायला बसायचे, असा त्यांचा बेत होता.

"पुढच्या कादंबरीत बैल आला, तर आधी तुम्हांला विचारीन," त्र्यंबकराव गाडीत चढता चढता म्हणाले.

"या की. गोठा दावतो," हैबतराव म्हणाले.

कंडक्टरने तिकिटाला नाव विचारले नव्हते, पण लोकांच्या गडबडीत त्याने ते ऐकलेच. त्याचे डोळे विस्फारले. तो दारातून अर्धा बाहेर झुकला.

"म्हणजे 'चंद्रा'वाले सावळजकर तुम्हीच? अहो, डेपोत आम्ही सगळ्यांनी वाचलंय! काय शेवट आहे हो! मंडळी, तो पाखऱ्या आहे ना, तो शेवटी..."

"गप!" हैबतराव गरजले. त्यांनी प्रकरण काखेत मारले, दोन्ही कानांत बोटे घातली आणि डोळे मिटून "हर हर महादेव!" असा गजर सुरू केला. गावाने लगेच साथ दिली. कंडक्टरचे तोंड हलत होते, हात बैलाच्या शिंगांसारखे वर जात होते, पण भरे गावच्या फाट्यावर एक अक्षर कोणाच्या कानावर पडले नाही. गाडी धुरळा उडवत घोटावड्याकडे गेली.

"गेली का गं गाडी?" हैबतरावांनी डोळे न उघडता विचारले.

"गेली, तात्या," हौसा म्हणाली. पण ते त्यांना ऐकू कसे येणार? तिने त्यांचा सदरा धरला आणि त्यांना तसेच देवळाकडे चालवत नेले. कानातली बोटे त्यांनी वाटेत एकदाही काढली नाहीत. काढली ती थेट वाचनालयात, पान उलटायला.